'एस' या एका अक्षराची किंमत

मोटार घ्यायला निघालेल्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही. साधं मॉडेल घ्यायचं की वरचं? आपल्याकडे हा प्रश्न बहुधा एअरबॅग किती, मागच्या काचेला वायपर आहे का, गाणी ऐकायची सोय कशी, यांवर येऊन थांबतो. इंजिन दोन्हींत सारखंच असतं. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र वरचं मॉडेल म्हणजे जास्त शक्तीचं मॉडेल. आणि गंमत अशी, की तिथलं सगळ्यात साधं मॉडेलसुद्धा तुमच्या-माझ्या गरजेपेक्षा कितीतरी वेगवान असतं. मग त्यावर आणखी पैसे मोजून आणखी शक्ती घ्यायची ती कशासाठी? माणसं ती का घेतात, कुणी घ्यावी आणि कुणी घेऊ नये, याबद्दल आज बोलू. उदाहरण एकाच गाडीचं घेतो, पोर्शे ९११ या गाडीचं.

माझ्या नोकरीची बावीस वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टच्या आसपास मोटारींच्या ब्रेकच्या चाचण्या करण्यात गेली. मुंबईकरांना हे गाव अगदीच परकं नाही. १९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी-शहरं आहेत. याच गावाच्या झुफेनहाउझेन या उपनगरात पोर्शेचा कारखाना आहे. तिथल्या गाड्या रोज रस्त्यावर दिसत, त्यामुळे त्यांच्याबद्दलचे वादही रोज कानावर पडत. त्यातला सगळ्यात जुना वाद हाच, की नुसती 'कॅरेरा' घ्यायची की 'कॅरेरा एस'?

वाद किती जुना आहे पाहा. ९११ गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९६३ साली, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. दोन लिटरचं इंजिन आणि १३० अश्वशक्ती. तीनच वर्षांनी, १९६६ मध्ये, तिची 'एस' आवृत्ती आली. इंजिन तेवढंच, पण अश्वशक्ती १६०. सोबत हलक्या मिश्रधातूची चाकं आणि आतून हवा खेळणाऱ्या ब्रेक-डिस्क. पण ती जादा शक्ती मिळायची कधी? तर इंजिन मिनिटाला ६,६०० फेऱ्यांपर्यंत चढवल्यावर. साध्या गाडीची पूर्ण शक्ती ६,१०० फेऱ्यांवरच हाती येत असे. म्हणजे 'एस'चे जादा पैसे मोजणाऱ्याला ते वसूल करायचे, तर इंजिन सतत तापत्या तव्यावर ठेवल्यासारखं चालवावं लागे. गाडी घेतली की काम झालं, असं नव्हतं.

आता अलीकडच्या गाड्या घेऊ. २०१८ च्या अखेरीस ९११ ची आठवी पिढी आली. आधी 'एस' बाजारात आली आणि २०१९ मध्ये साधी कॅरेरा. दोन्हींत मागच्या बाजूला तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोचार्जरचं इंजिन. साध्या गाडीत त्यातून ३८५ अश्वशक्ती निघते, 'एस'मधून ४५०. साध्या गाडीचं वजन १,५०५ किलो, 'एस'चं १,५१५. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोचायला साध्या गाडीला ४.२ सेकंद लागतात, 'एस'ला ३.७. सर्वाधिक वेग अनुक्रमे ताशी २९३ आणि ३०८ किलोमीटर. जर्मनीतली सुरुवातीची किंमत १,०४,६५५ युरो आणि १,२०,१२५ युरो. फरक १५,४७० युरोंचा. म्हणजे जादा मिळणाऱ्या ६५ अश्वशक्तींपैकी प्रत्येकीला साधारण २३८ युरो पडतात.

हे आकडे जाहिरातीत शेजारी-शेजारी छापलेले असतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय, ते तिथे सांगत नाहीत. शक्ती वाढली १७ टक्के. सर्वाधिक वेग वाढला जेमतेम ५ टक्के. बाकीचे १२ टक्के गेले कुठे?

ते हवेनं खाल्ले. गाडीचा वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. शिवाय तो चौपट विरोध दुप्पट वेगानं ढकलायचा असतो, म्हणून लागणारी शक्ती आठपट होते. शाळेतल्या भाषेत सांगायचं तर शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. २९३ वरून ३०८ म्हणजे वेग १.०५ पट. त्याचा घन केला की उत्तर येतं सुमारे १.१६. आणि ३८५ वरून ४५० म्हणजे १.१७ पट. हिशेब जवळजवळ पैशापर्यंत जुळतो. थोडक्यात, जितकं वर जावं तितका पुढचा प्रत्येक किलोमीटर महाग होत जातो. हा व्यापाऱ्याचा डाव नाही, निसर्गाचा नियम आहे. कंपनी बदलली तरी तो बदलत नाही.

बरं, ताशी २९३ किलोमीटर तरी कुठे जायचं? जर्मनीतल्या ऑटोबानवर वेगमर्यादा नाही, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. ते अर्धसत्य आहे. मोठ्या भागावर कायमची मर्यादा नाही, हे खरं. पण १९७८ पासून ताशी १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. त्याहून जास्त वेगात असताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असूनही भरपाईचा काही वाटा तुमच्या अंगावर येऊ शकतो. शहराबाहेरच्या साध्या रस्त्यांवर मर्यादा १०० ची आणि वस्तीत ५० ची. त्यातच रस्त्याची कामं, ट्रकांच्या रांगा आणि पाऊस. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर मोटारींना सपाट भागातही १०० ची मर्यादा आहे. तिथपर्यंत पोचायला साधी कॅरेरा 'एस'पेक्षा अर्धा सेकंद जास्त घेते. अर्धा सेकंद म्हणजे डोळ्याची एक-दोनदा उघडझाप.

मग रोजच्या चालवण्यात फरक जाणवतच नाही का? जाणवतो. पण तो अश्वशक्तीच्या आकड्यातून कळत नाही, टॉर्कमधून कळतो. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा इंजिनाचा पीळ. साध्या गाडीत तो ४५० न्यूटन-मीटर आहे आणि तो मिनिटाला १,९५० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळू लागतो. 'एस'मध्ये ५३० न्यूटन-मीटर, पण २,३०० फेऱ्यांपासून. कारण 'एस'चे टर्बोचार्जर मोठे आहेत. त्यांना गती घ्यायला जास्त वायू लागतो. पुढे त्यांचा जोर मोठा, पण साध्या गाडीचे छोटे टर्बो लवकर जागे होतात. गावातून बाहेर पडताना, ट्रकला मागे टाकताना, वळणातून निघताना आपण ज्या फेऱ्यांवर असतो, तिथे साधी गाडी बिचारी मुळीच वाटत नाही. 'एस'चं वेगळेपण दिसतं ते पाय पूर्ण दाबून ठेवल्यावर. आणि इतक्या शक्तीच्या गाडीत पाय पूर्ण दाबून ठेवायला रस्ता फार थोडा वेळ पुरतो.

आता माझ्या विषयाकडे येतो, ब्रेककडे. वेग घेणं सोपं असतं, तो परत देणं अवघड. चालकासह १,६०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवायची, तर ब्रेकना जी उष्णता पचवावी लागते, तिच्यात साधारण १.८ लिटर गार पाणी उकळायला येईल. वेग २०० केला की हेच पाणी सात लिटरांच्या वर जातं. मोठं पातेलंभर. थांबायचं अंतरही त्याच हिशेबानं वाढतं. चांगल्या टायरची स्पोर्ट्स कार १०० वरून ३५ मीटरच्या आसपास थांबली, तर २०० वरून तिला १४० मीटर लागतात. त्यात माणूस ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत जाणारा एक सेकंद धरा. १०० च्या वेगात तेवढ्यात २८ मीटर निघून जातात, २०० च्या वेगात ५६.

'एस'च्या पुढच्या ब्रेक-डिस्क ३५० मिलिमीटरच्या आहेत, साध्या गाडीच्या ३३० च्या. 'एस'च्या पुढच्या कॅलिपरला सहा पिस्टन आहेत, साध्या गाडीला चार. लोक विचारतात, मग 'एस' लवकर थांबेल ना? उत्तर ऐकून ते थोडे नाराज होत. अचानक एकदाच ब्रेक मारला, तर गाडी किती अंतरात थांबेल ते मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्यातली पकड ठरवते. चाक अडवण्याइतका जोर दोन्ही गाड्यांच्या ब्रेकमध्ये भरपूर आहे. मोठ्या डिस्कचा फायदा दिसतो तो पुन्हा पुन्हा, जोरात, लागोपाठ ब्रेक मारावे लागले तर. तेव्हा उष्णता साठवायला आणि बाहेर टाकायला जादा लोखंड कामी येतं. म्हणजे ते ब्रेक शर्यतीच्या मैदानासाठी आणि लांबलचक घाटासाठी. शाळेसमोर आडव्या आलेल्या मुलासाठी कामी येतात ते चांगले टायर आणि सावध माणूस.

माझे एक स्नेही मूळचे सोलापूरचे. तीस वर्षं स्टुटगार्टला यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. २०२३ मध्ये निवृत्त व्हायच्या बेतात होते आणि लहानपणापासूनची एक इच्छा पुरी करायची म्हणत होते. नवी गाडी आवाक्यात नव्हती. तीन वर्षं वापरलेल्या दोन ९११ त्यांनी हेरून ठेवल्या होत्या, एक साधी आणि एक 'एस'. मला म्हणाले, "अहो, जन्मभर काटकसर केली. आता एकदाच घेणार आहे. मग एक पायरी खाली का राहू?" वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घराच्या छपराचं काम याच पैशांतून व्हायचंय, तेवढं लक्षात असू द्या."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणसाची साठवलेली पुंजी होती आणि साठीतलं शरीर होतं. मी त्यांना उपदेश केला नाही. म्हटलं, "महिनाभर तुमची आत्ताची गाडी चालवताना एक वही ठेवा. कुठे गेलात, किती वेगात गेलात, पाय पूर्ण कधी दाबलात, एवढं लिहा." इंजिनिअरच ते. त्यांनी तक्ताच केला. महिन्याअखेर त्यात दिसलं, की ताशी १८० च्या वर ते दोनदाच गेले होते आणि दोन्ही मिळून चार मिनिटं. सगळ्यात आनंदाच्या वेळा म्हणून त्यांनी खूण केली होती ती काळ्या जंगलातल्या डोंगरी रस्त्यावरच्या दोन सकाळींपुढे. तिथे वेग ऐंशीच्या आसपास होता.

मग त्यांनी दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर चालवून पाहिल्या. परत आल्यावर म्हणाले, "एसमध्ये मी सारखा पाय आवरत होतो. साधीत गाडी चालवत होतो." त्यांनी साधी घेतली. उरलेल्या पैशांतून नवे टायर, ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणाचा एक दिवस आणि छप्पर. जर्मनीत हिवाळी रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे असतात, त्यामुळे बहुतेकांकडे चाकांचा दुसरा संच असतो. साध्या गाडीची चाकं पुढे १९ आणि मागे २० इंची, 'एस'ची २० आणि २१ इंची. चाक मोठं, की टायरची किंमत मोठी, आणि तीही दोन संचांना. विम्याचा वर्गही तिथे मॉडेल पाहून ठरतो. खरेदीच्या दिवशी एकदा मोजलेला फरक पुढे दरवर्षी थोडा थोडा मोजावा लागतो, हे विक्रेता सहसा आपण होऊन सांगत नाही.

पण म्हणून 'एस' घेणारे सगळे भुलले, असं मी म्हणणार नाही. आमच्या विभागातला एक तरुण सहकारी दर उन्हाळ्यात न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या चक्रावर जायचा. सुमारे पावणेएकवीस किलोमीटरचा तो डोंगरी मार्ग, सत्तरहून जास्त वळणं. ठरावीक वेळी पैसे भरून कुणीही आपली गाडी तिथे नेऊ शकतो. पोर्शेच्या चालकानं आठव्या पिढीची 'एस' तिथे ७ मिनिटं २५ सेकंदांत फिरवली. आधीच्या 'एस'पेक्षा पाच सेकंद कमी. तिथे वळणामागून वळण येतं, ब्रेक गार व्हायला उसंत मिळत नाही आणि चढावर इंजिनाचा पूर्ण जोर लागतो. त्या सहकाऱ्यानं 'एस' घेतली, ती बरोबरच होती. मागची चाकंही किंचित वळवणारी यंत्रणा त्याला हवी होती, आणि ती साध्या गाडीला मिळत नव्हती. त्याच्या गाडीच्या मोठ्या डिस्कना काम होतं. माझ्या स्नेह्यांच्या गाडीत त्या नुसत्या चाकाआडून चमकल्या असत्या.

आणखी एक गुंता सांगायला हवा, कारण शक्तीवरच नजर ठेवली की तो निसटतो. २०१९ ची साधी कॅरेरा फक्त स्वयंचलित गिअरबॉक्ससह मिळे. क्लच दाबून स्वतः गिअर टाकायची हौस असेल तर 'एस' घ्यावी लागे. मग २०२२ मध्ये 'कॅरेरा टी' आली. इंजिन साध्या गाडीचंच, ३८५ अश्वशक्तीचं, पण हातानं टाकायचे सात गिअर, पातळ काचा, मागच्या सीट काढलेल्या आणि वजन १,४७० किलो. म्हणजे कंपनीनंच मान्य केलं, की चालवण्याची मजा वाढवायला दर वेळी अश्वशक्ती वाढवावी लागत नाही. कधी वजन काढलं आणि माणसाच्या हाताला काम दिलं तरी भागतं. पुढे गाडीत सुधारणा झाल्या. २०२४ ची साधी कॅरेरा ३९४ अश्वशक्तीची झाली, २०२५ ची 'एस' ४८० ची. त्या पिढीत 'एस'ला क्लचची गाडी उरली नाही. ती हौस 'टी'कडेच गेली.

या आकड्यांत एक गोष्ट दडली आहे. २००४ ची 'कॅरेरा एस' ३५५ अश्वशक्तीची होती. २००८ ची ३८५. त्या काळी ती घेणाऱ्यानं वरच्या पायरीचे पैसे मोजले, आणि अकरा वर्षांनी आलेल्या सगळ्यात साध्या कॅरेरालाही नेमकी ३८५ च अश्वशक्ती होती. कालची 'एस' ती आजची साधी गाडी. म्हणून केवळ सगळ्यांपेक्षा वर राहायचं म्हणून जो पैसे मोजतो, त्याचा माल लवकर शिळा होतो. ज्याला त्या शक्तीचं आज काम आहे, त्याचा होत नाही. आणि पायऱ्या 'एस'पाशी संपतही नाहीत. तिच्या वर 'जीटीएस', तिच्याही वर 'टर्बो'. प्रत्येक पायरीवरून पुढची पायरी फक्त थोडी महाग दिसते. खालून मोजलं तरच एकूण चढ कळतो.

तेव्हा निवड करताना चार प्रश्न कागदावर लिहावेत, असं मी सुचवीन. पहिला, मी ही गाडी वर्षभरात प्रत्यक्ष कोणत्या रस्त्यांवर चालवणार आहे? दुसरा, तिथे आधी काय संपतं? रस्ता, कायद्याची मर्यादा, टायरची पकड, माझं कसब की गाडीची शक्ती? शक्ती सगळ्यांत शेवटी संपत असेल, तर ती आणखी विकत घेऊन उपयोग नाही. तिसरा, वरच्या मॉडेलमध्ये शक्तीखेरीज मला खरोखर हवं असलेलं काही आहे का? गिअरबॉक्स, ब्रेक, एखादी यंत्रणा? असेल तर त्याचेच पैसे मोजतोय, हे मनाशी स्पष्ट असावं. चौथा, फरकाची रक्कम हातात राहिली तर तिचं काय करीन? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या माणसांसमोर मोठ्यानं द्यावं.

शेवटी दोन्ही गाड्या आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चालवून पाहाव्यात, शक्यतो एकाच दिवशी आणि विक्रेत्याच्या आवडीच्या मोकळ्या रस्त्यावर नव्हे. पाय कुठे मोकळा राहतो आणि कुठे आवरावा लागतो, ते तासाभरात कळतं. स्पोर्ट्स कार आपल्यापैकी फार थोडे जण घेतील. पण दुचाकी घ्या, छोटी मोटार घ्या, नाहीतर शेतावरचा पंप घ्या. किती शक्ती मिळते, हे दुकानदार सांगेल. आपल्याला किती लागते, ते मात्र दुकानात जाण्यापूर्वी आपणच मोजलेलं बरं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)